बेवड्यांच्या वॉर्डात

दारू प्यायलेल्या माणसाची मला लहानपणापासून किळस आहे. पुढचं सगळं मी बेवड्यांच्या वॉर्डात पडून पाहिलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर तलवाड्याचं. शाळेच्या वाटेवर गटाराच्या कडेला एक माणूस कायम आडवा असायचा, तोंडाभोवती माश्या, पायजमा ओला. आई आम्हाला पदराआड धरून पलीकडच्या बाजूने न्यायची. लग्न होऊन आष्टीला आले ती लिंगायत वाण्याच्या घरात. कापडाचं दुकान, वर राहतं घर. सासूबाई लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही इथे तसंच म्हणेन. या घरात दारूला कुणी हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही.

मी कॅप्सूल खायची.

बत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. रक्त थांबत नव्हतं, डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितलं, काढलं. टाके भरले पण कंबरदुखी राहिली. दहा दिवसांसाठी म्हणून दुखण्याच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. अकराव्या दिवशी मी मेडिकलवाल्याकडे तीच चिठ्ठी घेऊन गेले. तो म्हणाला, "वहिनी, चिठ्ठी कशाला आणता, रिकामं पाकीट दाखवलं तरी चालतंय." त्या कॅप्सूलने कंबर दुखायची तर थांबायचीच, पण अंगावर एक ऊबही पसरायची. धुणं, भांडी, पाहुणे, दुकानातल्या बायकांशी बोलणं, सगळं हसत व्हायचं. घरात म्हणायचे, ऑपरेशननंतर हिचा स्वभाव किती गोड झाला.

सहा वर्षांत मी दिवसाला दोनवरून चौदावर गेले. तीन मेडिकल आळीपाळीने धरले होते. रिकामी पाकिटं ज्वारीच्या कोठीमागे कोंबायची. बाजारच्या दिवशी रस्त्यावर झिंगलेला माणूस दिसला की मी नाकाला पदर लावायची, आणि तेव्हा माझ्या पोटात सकाळच्या पाच असायच्या.

एका सकाळी भाकरी थापताना मला फिट आली. परातीवर कोसळले, जीभ चावली गेली. नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. मग ते आत्यांना म्हणाले, "या कुठल्या गोळ्या घेतात?" आत्या म्हणाल्या, "घेत असल दुखण्याची येखांदी." आष्टीला परत आल्यावर त्यांनी कोठी हलवली. मागून पाकिटं निघाली ती त्यांनी लुगड्याच्या ओच्यात भरली आणि माझ्यासमोर रिकामी केली. ढीग झाला. त्यात उंदराच्या लेंड्या होत्या, कोळ्याचं जाळं होतं. 

"कशापायी गं?" एवढंच आत्या म्हणाल्या.

 

नगरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घरी एकदम बंद करू नका, पुन्हा फिट येईल, ॲडमिट करून देखरेखीखाली सोडवावं लागेल. नगर आम्हाला जवळ, पण तिथे आमची निम्मी सोयरीक. नवरा म्हणाला, "तिथं नको. अंबाजोगाईला करू. तिकडं आपल्याला कोण वळखत न्हाई." दुकानात त्याने सांगितलं की हिच्या मणक्याचा इलाज चाललाय. त्याला खोटं बोलायला एक क्षणही लागला नाही याची मला घाण वाटली. पण त्याला म्हणणार काय? सहा वर्षं मी तेच करत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी सॅनिटरी पॅडचं पाकीट विकत घेतलं. त्याची खालची कड ब्लेडने कापली, आतल्या घड्यांमध्ये कॅप्सूलच्या पट्ट्या सरकवल्या आणि कड फेव्हिकॉलने चिकटवली. इतक्या सफाईने की मलाच कौतुक वाटलं.

दवाखाना एका संस्थेचा, लहानसा. व्यसन सोडवायला आलेल्यांचा एकच लांब वॉर्ड होता. बायका फारशा येत नाहीत, म्हणून टोकाची खाट हिरव्या पडद्याने वेगळी करून मला दिली. सिस्टरने पिशवी तपासली. साड्या झटकल्या, तेलाची बाटली उघडून वास घेतला, पावडरचा डबा हलवून पाहिला. पॅडचं पाकीट हातात घेतलं, सील बघितलं आणि परत ठेवलं.

डॉक्टर चाळिशीतले, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती घेत होतात?"

"चार."

त्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, "जास्ती असत्याल. ढीग निघाला घरात."

"ही कॅप्सूल अफूच्याच जातीतली आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दुसरं औषध देऊ आणि ते हळूहळू कमी करू. त्रास होईल, पण सोसेल इतका. माझ्याशी खरं बोललात तर बरं पडेल."

मी मान हलवली. अफू हा शब्द मला आवडला नाही. अफूवाले वेगळे, असं माझं मत होतं.

पडद्यापलीकडच्या खाटेवर एक ऊसतोड कामगार होता. हंगाम संपवून कर्नाटकातल्या कारखान्यावरून परतला आणि तिसऱ्या दिवशी घरातच बरळायला लागला, म्हणून त्याच्या बायकोने आणून टाकला होता. ती खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसायची. तिशीची असेल, दिसायला चाळिशीची. बोटांना उसाच्या वाळक्या पाचटाच्या चिरा, नखांत काळं. तिच्या अंगाला घामाचा आणि धुराचा वास यायचा. पहिल्याच दिवशी मी आत्यांना म्हटलं, "पडदा नीट ओढून घ्या."

पडद्याने वास अडत नाही. तिचा नवरा ओकायचा. हिरवट, फेसाळ. मग कण्हायचा, मग शिव्या द्यायचा. त्याचे हात बांधून ठेवले होते, कारण सलाईन उपटून टाकायचा. त्याला भिंतीत आग दिसायची. "पाचट पेटलं, ये, पाचट पेटलं," असं ओरडायचा आणि बांधलेल्या मनगटांनी ऊस छाटल्यासारखे झटके द्यायचा. बाकीच्या खाटांवरही तेच. एकजण दिवसभर खाकरायचा आणि बेडका खाटेखाली टाकायचा. एक म्हातारा पॅन्टची चेन उघडी ठेवून वॉर्डभर फिरायचा आणि सगळ्यांना रामराम घालायचा. सफाईच्या मावशी फिनेल टाकून पुसून जायच्या, तासाभरात पुन्हा तसंच.

सकाळी आत्या पडद्याआड, खाटेच्या कडेला मांडी घालून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायच्या. एक हात अंतरावर तो ओकत असायचा. मी देवाकडे न बघता पडद्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, मेला का नाही हा. खरंच म्हणायची.

मला मात्र काही होत नव्हतं. होणार कसं? दिवसातून तीन वेळा मी पिशवी घेऊन संडासात जायची, पाकिटातून चार-चार काढायची आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळायची. शिवाय डॉक्टरांच्या गोळ्या चालूच. बाहेर आले की मला त्या माणसांची आणखीच किळस यायची. कशी लोळतायत बघा. मला बघा, कशी सोसते आहे. मी असं मनात म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं.

डॉक्टर रोज टॉर्च मारून डोळे बघायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाहुल्या अजून बारीकच आहेत. पाय ओढतात? जांभया? जुलाब?"

"थोडंसं होतं," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले.

चौथ्या दिवशी सकाळी संडासाच्या दाराशी त्या ऊसतोड बाईने मला अडवलं. बायकांचा संडास आम्हा दोघींचाच होता, आत्या धरून तिघींचा. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, यखांदं पॅड आसंल तर द्या. मला आज लागलं. तेनला सोडून भायेर जाता येत न्हाई, आन लुगडं येकच हाय."

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

"तुमच्या पिशवीत बगितलं मी. पुडकं हाय की."

"ते मला पुरतंय तेवढंच आहे."

ती बाजूला झाली. तिने वाद घातला नाही. तिच्या तोंडाला तंबाखूच्या मिश्रीचा वास येत होता आणि तिने माझ्या पिशवीत डोकावलं याचाच मला राग आला होता. मी आत जाऊन कडी लावली आणि माझ्या चार गिळल्या.

दुपारी सिस्टर त्याची सलाईन बदलायला आल्या. बाई उठून उभी राहिली तेव्हा तिच्या लुगड्यावर मागून मोठा डाग पडलेला होता आणि ती जिथे बसली होती तिथे फरशीवरही. तिने नवऱ्याच्या खांद्यावरचा गमजा फाडून लावला होता, तो पुरला नव्हता. वॉर्डातल्या त्या खाकरणाऱ्या माणसाने बघितलं आणि तोंड फिरवलं. मीही पडद्याच्या फटीतून बघितलं. 

"अगं, सांगायचं नाही का?" सिस्टर म्हणाल्या. "आमच्या कपाटातलं संपलंय, पण या ताईंकडे आहे की." त्यांनी सरळ पडदा सरकवला. "ताई, द्या ना एक हिला."

मी पिशवी मांडीवर ओढली. "नाही, त्यातलं नको."

"का हो?"

"मला लागतं."

सिस्टर हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी खाटेला अडकवलेला माझा केसपेपर उचलला, एक पान उलटलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमची गर्भाची पिशवी काढलेली आहे ना? सहा वर्षं झाली. तुम्हाला पाळी कुठून येते?"

 आत्या पडद्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं."

मी दिलं नाही. आत्यांचं वय सत्तरच्या पुढे, पण त्यांनी पिशवी माझ्या हातातून हिसकली, पाकीट काढलं आणि कापलेली कड फाकवली. पॅडच्या घडीतून पट्ट्या सरकल्या आणि फरशीवर पडल्या. एक, मग दोन, मग सगळ्याच.

त्या उचलल्या त्या बाईने. तिने खाली वाकून पट्ट्या गोळा केल्या, उलटसुलट करून बघितल्या आणि सिस्टरच्या हातात ठेवल्या. मग आत्यांना विचारलं, "मावशी, ह्यातलं येक घिऊ का?"

आत्यांनी अख्खं पाकीट तिच्या हातात दिलं.

 आत्या खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तिच्या आंगावर डाग पडला तरी तू दिलं न्हाईस गं." मी इथेही कॅप्सूल घेते हे त्यांना आधीच ठाऊक असावं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. हे दुसरं ठाऊक नव्हतं.

डॉक्टर आले. ओरडले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या औषधावर तुम्ही तुमच्या कॅप्सूल घेत होतात. पुन्हा फिट आली असती, झोपेत श्वासही थांबला असता. आता खरा आकडा सांगा."

"चौदा. इथं बारा."

"बरं. आज तुमचा पहिला दिवस धरू."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. मग जांभया सुरू झाल्या. जबडा निखळेल अशा, एकामागून एक. नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले. अंगावर काटा उभा राहिला तो बसेना. एप्रिलच्या उन्हात मी दोन चादरी घेऊन कुडकुडत होते आणि पाठीवरून घाम गळत होता. पायांत किडे शिरल्यासारखं व्हायचं. मी पाय झाडायची, भिंतीवर आपटायची, पुन्हा झाडायची. डॉक्टरांच्या औषधाने धार बोथट व्हायची, जायची नाही. सिस्टर दर थोड्या वेळाने नाडी आणि रक्तदाब बघायच्या. मी त्यांच्या हातापाया पडले. "एकच द्या, ताई, त्यातली एकच." त्या म्हणाल्या, "टाकून दिल्या." मी त्यांना जी शिवी दिली ती मला येते हे मला माहीत नव्हतं. पलीकडच्या माणसाकडून चार दिवसांत शिकले असेन.

त्या दिवशी दुपारी माझं पोट सुटलं. संडासापर्यंत पोहोचलेच नाही. खाटेवरून खाली उतरता उतरता सगळं गेलं, साडीतून पायावर, पायावरून फरशीवर. वास असा की माझ्याच नाकाला सहन होईना. आत्यांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, साडी फेडली, पाणी आणलं, धुतलं.  मग बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि तिथे ओकल्या. मला ऐकू येत होतं.

तासाभराने पुन्हा झालं. आत्या उठायला लागल्या आणि कंबर धरून खाली बसल्या. तेवढ्यात पडदा सरकला. ती बाई बादली घेऊन आली. मावशींची वाट बघितली नाही, मला विचारलं नाही.

"नको," मी म्हटलं. "तू नको."

"गप ऱ्हावा, ताई."

तिचा हात माझ्या मांडीला लागला, चिरा पडलेला, खरखरीत. मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मला तिची किळसच आली. माझी घाण तिच्या हाताला लागली होती, आणि माझ्या मनात येत होतं की हिचा हात माझ्या अंगाला लागतोय. मी डोळे मिटून घेतले. तिने टाचेपर्यंत धुतलं, फरशी पुसली, चादर गोळा केली.

"तेंचं रोज करती," ती आत्यांना म्हणाली. "ह्येंचं काय येगळं न्हाई."

ती बरोबर बोलत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी भाताची पेज प्यायले आणि ती पोटात राहिली. सहाव्या दिवशी आत्यांनी माझे केस विंचरले. तोवर त्या माणसाची आग भिंतीतून गेली होती. त्याचे हात सोडले होते. तो खाटेवर बसून स्टीलच्या ग्लासात चहा प्यायचा, आणि तसा बसलेला तो साधा, थकलेला, लाजरा माणूस होता. जाताना त्याने सगळ्यांना नमस्कार केला, आत्यांनाही. माझ्याकडे बघितलं नाही. बायको गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्यामागे गेली. मी तिचे आभार मानले नाहीत. शब्द तोंडात होता, पण तेवढ्यात ती दाराबाहेर गेली होती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे वेळ पुष्कळ होता. त्या दोघांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पुढच्या हंगामाला त्यांनी पुन्हा कोयता उचलला असेल आणि तिथे संध्याकाळी पुन्हा बाटली असेल, किंवा नसेल.

अडीच आठवड्यांनी मी आष्टीला परतले. शेजारणी मणक्याचं विचारायला आल्या. नवऱ्याने माझ्यासाठी कमरेचा पट्टा आणून ठेवला होता. तो मी आठवडाभर बांधला, त्याचं खोटं टिकावं म्हणून. मेडिकलवाला दुकानासमोरून जाताना हसून म्हणाला, "वहिनी, बरंय का आता? काही लागलं तर सांगा." त्याच्या पांढऱ्या दातांकडे बघून मला गटारातल्या त्या माणसापेक्षा जास्त घाण वाटली. गटारातला माणूस निदान दुसऱ्याला पाजत नव्हता.

दिवाळीत माझी दाढ दुखली आणि मी दोन कॅप्सूल घेतल्या. घेतल्यावर स्वयंपाकघरात जाऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी करंजीचं सारण भरता भरता ऐकलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ." गेलो. डॉक्टरांनी तपासलं, दाढेसाठी दुसरं औषध दिलं, दर महिन्याला यायला सांगितलं. आम्ही दर महिन्याला जातो. आत्या रस्ताभर झोपतात.

मागच्या माघात सोयऱ्यांकडे बारसं होतं. बायका बसल्या होत्या. त्यातली एक मणक्याच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला लागली, तिच्या सुनेसाठी. मी कमरेच्या पट्ट्याची गोष्ट पुढे रेटू शकले असते. मी सांगितलं की मणका नव्हता, गोळ्यांची नशा होती, दारुड्यांबरोबर ॲडमिट होते. पाळण्याची दोरी धरलेली बाईसुद्धा थांबली. मग कुणीतरी घुगऱ्यांचा विषय काढला. माझ्या शेजारी बसलेली आपली साडी सावरून जरा पलीकडे सरकली. घरी आल्यावर नवरा आठ दिवस बोलला नाही. "दुकानाचं काय," एवढंच त्याने विचारलं होतं.

तीच सरकलेली बाई पंधरा दिवसांनी दुकानात आली. सोन्याच्या पाटल्या, मोठं घर, सासरे राजकारणात. तिने ब्लाउजपीस बघितले, एकही घेतला नाही आणि माणसं कमी झाल्यावर म्हणाली, "वहिनी, तुमी कुठं गेलता म्हणला? माझं ते झोपेच्या गोळीचं हाय. सहा-सात लागतात आता. कुणाला बोलू नका."

तिच्या अंगाला अत्तराचा वास होता. बोलताना ओठ चाटत होती, बोटं थरथरत होती, खालची पापणी लाल. मी ते सगळं ओळखलं, आणि पहिल्यांदा मनात काय आलं? किळस. ही असली, एवढ्या मोठ्या घरची, आणि माझ्याकडे आलीय. ते मनात येऊन जाईपर्यंत मी कापडाच्या घड्या घालत राहिले.

मग तिला सांगितलं की आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, फिट येते. डॉक्टरांचा ओपीडीचा वार सांगितला, गाडी किती वाजता सुटते तेही सांगितलं. तिने विचारलं, "तिथं लई घाण असती का हो?"

"हो," मी म्हटलं. "असते."

ती मग म्हणाली, "तुमी याल का संगं?"

मी वर घरात जाऊन आत्यांना विचारलं, हिला घेऊन पहिल्या गाडीनं जाऊ का.